लॅम्प लावण्याआधी गाल पुसा

स्किनच्या रेसिडेन्सीत नुकत्याच आलेल्यांसाठी लिहितेय. फिकट चट्ट्यांची यादी तुम्हाला पाठ असेलच: पिटिरियासिस अल्बा (मुलांच्या गालांवरचे साधे, कोंडा धरलेले फिकट चट्टे), शिबं (बुरशीचे डाग), कोड, नीव्हस (जन्मखुणेसारखा डाग), कुष्ठरोग. पण जूनमधल्या मुंबईच्या ओपीडीत समोर सहा वर्षांची पोर आणि तिच्यामागे आई, आजी, आत्या उभ्या राहिल्या की ती यादी आठवत नाही.

मी पहिल्या वर्षाला होते. मुलगी मे महिना गावी उन्हात हुंदडून आलेली, दोन्ही गालांवर फिकट चट्टे. वूड्स लॅम्प (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) धरला, चट्टा निळसर-पांढरा चमकला आणि मी "कोड वाटतंय" असं बोलून मोकळी झाले. आजी मटकन खालीच बसली. "पोरीच्या लग्नाचं कसं व्हायचं आता?"

मॅडमनी काही न बोलता ओल्या कापसाने गाल पुसायला लावले. दहा मिनिटांनी परत लॅम्प. चमक गायब! आईने सकाळी केमिस्टकडचं मलम चोपडलं होतं, तेच चमकत होतं. खाली होत्या धूसर कडा आणि बारीक कोंडा, म्हणजे साधा पिटिरियासिस अल्बा. भोवतीचा चेहरा रापला, म्हणून चट्टे उठून दिसले.

तर हे नीट ऐका. पेट्रोलियम जेली, सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, साबणाचा राहिलेला अंश, कापसाचा धागा, एवढंच काय तुमच्या ॲप्रनवरून परतणारा उजेड, हे सगळं निळं-पांढरं दिसतं. म्हणून मलमाचं आधी विचारा, आईला आणि आजीला वेगवेगळं. पण लगेच पुसायला धावू नका. शिबं असली तर त्यांची पिवळसर चमक धुण्याने जाते, कोंडाही जातो. आधी डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग), मग केओएचसाठी (बुरशी शोधायची चाचणी) खरवड, मग साध्या पाण्याने पुसणं (साबण नको), कोरडं होऊ देणं, आणि शेवटी लॅम्प. तो मिनिटभर आधी चालू करून ठेवायचा, खोली पूर्ण काळोखी हवी, स्वतःचे डोळेही काळोखाला सरावू द्यायचे. आमच्या खोलीच्या खिडकीला मी स्वतः काळा कागद डकवलाय.

कोड असेल तर चमक पांढरीशुभ्र आणि कड रेखीव. नीव्हस डिपिगमेंटोसस मळकट पांढराच राहतो. नीव्हस ॲनिमिकस लॅम्पखाली दिसेनासाच होतो. त्याच्या कडेवर काचपट्टी दाबलीत तर तो भोवतीच्या त्वचेत मिसळून जातो. पट्टी फुकट मिळते, तरी कोणी वापरत नाही, याचा मला राग येतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त जांभळ्या टॉर्चच्या नादी लागू नका. त्यातल्या पुष्कळशा ३९५ नॅनोमीटरच्या असतात. आपल्याला ३६५च्या आसपासचा प्रकाश हवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून सीनियरकडून उत्तर मागवणं तर त्याहून वाईट. आणि दारातूनच निदान फेकणारे सर भारी वाटतात, पण शिकायचं असेल तर हळू काम करणाऱ्यांच्या मागे फिरा.

घाबरू नका, बहुतेक मुलं तुमच्याकडे साध्याच गोष्टी घेऊन येतील. "कॅल्शियम कमी आहे का? जंत झालेत का?" असं विचारतील. नाही म्हणा, मॉइश्चरायझर द्या, रंग भरायला काही महिने लागतील हे आधीच सांगा.

मात्र एका बाबतीत ढिलाई नको. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन देशपातळीवर २००५च्या शेवटी साधलं, तरी तो संपलेला नाही. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून याच रोगासाठी आहे. एकटा, कोरडा, महिनोन्‌महिने तसाच राहिलेला चट्टा दिसला की कापसाची वात घ्या. "डोळे मीट, मुंगी कुठे चालली ते बोटाने दाखव," असा खेळ करा. चेहऱ्यावर मात्र संवेदना शाबूत असली तरी निश्चिंत होऊ नका, तिथे ती बऱ्याचदा टिकून राहते. कोपरामागची आणि मानेवरची नस चाचपा. शंका उरली तर बायोप्सी करा. सुई टाळण्याच्या हौसेपायी निदान लांबवू नका. ५ मिलिमीटर किंवा मोठे तीन-चार फिकट डाग जन्मापासून असतील तर फिट येतात का ते विचारा, ती ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजाराची खूण असू शकते.

ती आजी महिन्याभराने आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही, थेट मॅडमकडे गेली. तेव्हापासून केसपेपरवर लॅम्पच्या निष्कर्षाआधी मी लिहिते: "गाल पुसले, १० मिनिटे थांबले."