अमेरिकेतच राज्य बदलताय? आधी कागद, मग सोफा

दुसऱ्या राज्यात जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती सोफ्याची. न्यायचा, विकायचा, की नुकत्याच आलेल्या एखाद्या जोडप्याला देऊन टाकायचा? मग तिकडची भाडी, मग हवा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हे सगळं आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेल लिहा.

एच-वन-बी ठरावीक जागेच्या कामासाठी मंजूर झालेला असतो. त्याच महानगर परिसरात ऑफिस हललं तर सहसा नवा अर्ज लागत नाही. म्हणून जर्सी सिटीचं ऑफिस मॅनहॅटनला गेलं तर राज्य बदलूनही फारसं काही होत नाही. न्यू जर्सीहून डॅलसला निघालात तर मात्र अमेंडमेंट, म्हणजे मंजुरीत बदल मागणारा अर्ज, लागते, आणि नव्या ठिकाणी कामाला बसण्याआधी ती दाखल झालेली असावी लागते. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमियो निर्णयापासून यात संदिग्धता उरलेली नाही. त्याच्याही आधी श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा मंजूर अर्ज) येतो, त्यात कामकाजाचे साधारण सात दिवस जातात. अमेंडमेंट दाखल झाली की काम सुरू करता येतं, मंजुरीपर्यंत थांबावं लागत नाही. नोकरीच बदलणाऱ्यांची यातून आपोआप सुटका होते, कारण नवी कंपनी ट्रान्सफरच्या अर्जातच नवी जागा लिहिते. अडकतात ते त्याच कंपनीत राहून जागा बदलणारे, त्यातही ‘मी तर घरूनच काम करतो, कंपनीला काय सांगायचं’ म्हणणारे. घरून काम करणाऱ्याचं घर हेच कामाचं ठिकाण धरलं जातं.

ग्रीन कार्डाची गाडी पर्मच्या, म्हणजे श्रम खात्याच्या मंजुरीच्या, टप्प्यावर असेल तर तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. पर्मही जागेशी बांधलेला असतो. कधीकधी तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, आणि तसं असेल तर महिनाभर उशिरा निघालेलं परवडतं.

घर बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, नवा पत्ता कळवायचा. त्यासाठीचा एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण तो माणशी वेगळा भरायचा असतो. नवऱ्याने स्वतःचा भरला म्हणून बायकोचा आणि मुलाचा भरला जात नाही. टपाल खात्याकडे पत्ता बदलून दिलात की फर्स्ट क्लास टपाल १२ महिने नव्या पत्त्यावर येत राहतं, पण इमिग्रेशनच्या कागदांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. बरीचशी सरकारी पाकिटं पुढे न पाठवता परत पाठवली जातात.

आता सामान. राज्याबाहेर सामान नेणाऱ्या मूव्हरकडे यूएसडॉट नंबर असावाच लागतो. तो नंबर एफएमसीएसए या केंद्रीय खात्याच्या साइटवर टाका. नोंदणी, विमा आणि तक्रारी तिथे दिसतात. फोनवर गोड बोलून सगळ्यात स्वस्त आकडा देणारा पुष्कळदा मूव्हर नसतोच, ब्रोकर असतो. तो तुमचं काम दुसऱ्याला विकतो, ट्रक भलत्याच नावाचा येतो आणि सामान चढल्यावर भाव वाढतो. ‘ब्रोकर की कॅरियर (स्वतः सामान नेणारा)?’ हे पहिल्याच फोनला विचारा. घर न बघता, निदान व्हिडिओवर खोल्या न बघता दिलेल्या अंदाजाला मी तरी किंमत देत नाही.

अंदाज बाइंडिंग, म्हणजे पक्का, आहे की नाही ते लेखी घ्या. नॉन-बाइंडिंग असेल तर वजनावर बिल बदलू शकतं, पण सामान उतरवताना मूव्हर अंदाजाच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तिथल्या तिथे मागू शकत नाही. उरलेलं बिल नंतर. हा नियम माहीत असलेल्या गिऱ्हाइकाशी ट्रकवाला जरा वेगळा बोलतो.

विम्याबाबत: फुकटात मिळतं ते संरक्षण पौंडामागे ६० सेंट. म्हणजे २५ पौंडांचा टीव्ही फुटला तर १५ डॉलर हातात. पूर्ण किमतीचं संरक्षण हवं असेल तर ‘फुल व्हॅल्यू’ घ्या आणि महागड्या वस्तूंची यादी आधी लिहून द्या. स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर मूव्हरला हात वर करणं सोपं जातं, म्हणून काचसामान त्यांनाच भरू द्यावं. नुकसानीचा लेखी दावा करायला ९ महिने मिळतात. सोनं आणि पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा अर्जाच्या मंजुरीचा कागद), जन्मदाखले, डिग्र्या यांची फाइल ट्रकमध्ये चढवायचीच नाही.

लहान अपार्टमेंट असेल तर ट्रकात तुमच्याबरोबर आणखी दोन-तीन घरांचं सामान असतं, त्यामुळे ‘या दोन आठवड्यांत कधीही’ अशीच तारीख मिळते. एक कुकर, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, अंथरूण, औषधं आणि ऑफिसचा लॅपटॉप एवढं गाडीत घ्या. तेवढ्यावर संसार चालतो.

कढीपत्त्याचं झाड मात्र कोणाला तरी देऊन निघा. बायका-पुरुष सगळेच या मुद्द्यावर हळवे होतात, कुंडी मांडीवर घेऊन देश ओलांडायची तयारी असते. पण कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. सिट्रस ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारा सिलिड किडा त्यावर वाढतो. त्यामुळे फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतल्या क्वारंटाइन भागांतून हे झाड बाहेर नेण्यावर केंद्राचे कडक निर्बंध आहेत. शिवाय रस्त्याने कॅलिफोर्नियात शिरताना सीमेवर तपासणी नाका लागतो, तिथे झाडं आणि फळं आहेत का हे विचारतात. तिकडे पोचल्यावर स्थानिक नर्सरीतून नवं रोप घ्यावं. आपल्या मंडळींत ते कुठे मिळतं हे सांगणारं कोणी ना कोणी सापडतंच.

गाडीची आणि लायसन्सची मुदत राज्याप्रमाणे बदलते. टेक्सासमध्ये गाडीच्या नोंदणीला ३० दिवस आणि लायसन्सला ९०. कॅलिफोर्नियात लायसन्सला १० दिवस, गाडीला २०. न्यू जर्सीत लायसन्सला ६०. कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांनी नवी गाडी तिकडे गेल्यावरच घ्यावी. ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली आणि कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण-मानकांची नसलेली गाडी तिथे सहसा नोंदवूनच घेत नाहीत. न्यू जर्सीत राहून पेट्रोल भरायला कधी गाडीतून उतरलाच नसाल, तर पहिल्याच पंपावर मागच्या गाडीवाल्याचा संयम बघायला मिळेल. पंपावरच्या माणसानेच पेट्रोल भरून द्यायची ती सोय देशात फक्त न्यू जर्सीतच सक्तीची आहे.

लायसन्ससाठी पत्त्याचे दोन पुरावे लागतात आणि इथे एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराची हमखास पंचाईत होते. लीज नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, बँकेतही तोच. बायकोकडे दाखवायला कागदच नाही. लीजवर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं घाला आणि विजेचं किंवा इंटरनेटचं एक खातं तिच्या नावाने उघडा. डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात, ते तर चालतंच, पुढे तिच्या क्रेडिटलाही हातभार लागतो.

वीज म्हटल्यावर टेक्सासचं सांगायला हवं. डॅलस, ह्यूस्टनकडे विजेची कंपनी आपली आपण निवडायची असते. दर स्थिर आहे की बदलता, आणि करार किती महिन्यांचा, एवढं वाचूनच सही करा. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत ही निवड नाही, तिथे शहराचीच वीज.

टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, हे ऐकून लोक लगेच बचतीचा हिशोब मांडतात. टेक्सासात घर घ्यायचा विचार असेल तर त्या हिशोबात प्रॉपर्टी टॅक्सही धरा, उत्साह थोडा खाली येतो. पहिल्या पगाराच्या स्लिपवर कोणत्या राज्याचा कर कापलाय ते बघा. पेरोलला पत्ता उशिरा कळला तर जुन्या राज्याचाच कापत राहतात. वर्षाच्या मधे हललात तर त्या वर्षाचं रिटर्न दोन्ही राज्यांचा विचार करून भरावं लागतं. कंपनीने मूव्हिंगचे पैसे दिले तर २०१८ पासून ते करपात्र उत्पन्नात धरले जातात, त्यामुळे तो कर कंपनी सोसणार का हे ऑफर घेतानाच विचारा.

मुलांच्या शाळेसाठी लसीकरणाची नोंद जुन्या डॉक्टरकडून निघण्याआधीच घ्या. नव्या राज्याचा फॉर्म वेगळा असू शकतो. केजीच्या वयाची तारीखही सगळीकडे सारखी नसते. न्यूयॉर्क शहरात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण होणारं मूल चालतं, कॅलिफोर्निया आणि टेक्सासात १ सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाचा वर्ग कुठला धरणार, हे लीजवर सही करण्याआधी शाळेला फोन करून विचारा. शाळा पत्त्यावर ठरते, आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन डिस्ट्रिक्ट असू शकतात.

बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ आहे. १९८१ पासूनच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली मराठी शाळाही पुष्कळ ठिकाणी चालते. निघण्याआधीच तिथल्या ग्रुपवर दोन ओळी टाका, पण ‘कुठला एरिया चांगला?’ असं मोघम विचारू नका, वीस जण वीस उत्तरं देतील. ऑफिसचा पत्ता, मुलांची वयं आणि भाड्याचं बजेट लिहा. मग एखाद्या काकू थेट फोन करतात आणि तासाभरात सगळं कळतं.

जुन्या घराच्या डिपॉझिटचं राहिलं. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, ओव्हन आणि फ्रिजच्या आतून सुद्धा. घरमालकाला नवा पत्ता लेखी द्या. टेक्सासमध्ये तर तो लेखी मिळेपर्यंत पैसे परत करायची जबाबदारी त्याच्यावर येतच नाही. डिपॉझिट परत करायला कॅलिफोर्नियात २१ दिवस, टेक्सास आणि न्यू जर्सीत ३०. मुदत उलटून गेली तर फोन करत बसू नका, तारखांसकट ईमेल लिहा.