हृदय प्रत्यारोपणात कोणता देश पुढे? आकडे वाचण्याची रीत, कोल्हापूरच्या हिशेबाने

‘प्रत्यारोपणात भारत जगात तिसरा’ हे वाक्य हृदयापुरतं बाजूला ठेवा. 2023 मध्ये देशात 18,378 प्रत्यारोपणं झाली. त्यांतली 17,917 मूत्रपिंड आणि यकृताची, बहुतेक जिवंत दात्यांकडून. हृदय जिवंत माणूस देऊ शकत नाही. हृदयं बदलली गेली फक्त 221.

आधी एकाच वर्षाचा आकडा घेऊन लोकसंख्येने भागा, लोकसंख्या दशलक्षांत. 2023 साठी अमेरिका 4,545 भागिले 335, म्हणजे 13.6. स्पेन 325 भागिले 48, म्हणजे 6.8. भारत 221 भागिले 1,430, म्हणजे 0.15. आता आपला जिल्हा घ्या. 2011 च्या जनगणनेत 38.76 लाख, म्हणून 3.88 ने गुणा. अमेरिकेच्या दराने कोल्हापूर जिल्ह्यात वर्षाला 53 हृदयं बदलली गेली असती, स्पेनच्या दराने 26. आपल्या दराने पाच वर्षांत तीन.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि दोष शल्यविशारदांना देतात. तसं करू नका, दर फोडून बघा: मरणोत्तर दाते किती, आणि शंभर दात्यांमागे हृदयं किती. अमेरिकेत 16,335 दात्यांमागे शेकडा 28, स्पेनमध्ये 2,346 मागे 14, भारतात 1,099 मागे 20. दहा लाखांमागे दाते अमेरिका-स्पेनमध्ये सारखेच, सुमारे 49. पण स्पेनचे निम्म्याहून जास्त दाते साठीपुढचे. त्यांचं यकृत चालतं, हृदय सहसा नाही. आपण दात्यामागे स्पेनपेक्षा जास्त हृदयं वापरतो. दातेच मात्र दहा लाखांमागे 0.77.

स्लोव्हेनियासारख्या वीस लाखांच्या देशात चार-दोन शस्त्रक्रियांनी दर हलतो, तिथे पाच वर्षांची सरासरी काढा. त्यात कोविडचं 2020 धरू नका.

आपल्याकडे दातेच कमी, म्हणजे आपली गळती अतिदक्षता विभागात आहे. मेंदूमृत्यूच्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पण हृदय अजून धडधडतंय अशा अवस्थेच्या, चाचण्या दोनदा कराव्या लागतात, मध्ये किमान सहा तास. तेवढ्या वेळात रक्तदाब सांभाळला नाही तर हृदय हातचं जातं. काढल्यावर ते साधारण चार तासच टिकतं, आणि कोल्हापूरहून रस्त्याने पुणे सुमारे 230 किलोमीटर, जवळपास तेवढ्याच वेळाचं. मूत्रपिंड गाडीने जाऊ शकतं. हृदयासाठी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमान हवं. म्हणून पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीला पहिल्या चाचणीनंतर लगेच कळवावं, दुसरीची वाट पाहू नये. त्या सहा तासांत रुग्ण जुळवणं आणि विमान ठरवणं, दोन्हीची तयारी सुरू करता येते.