कन्झ्युमर ग्रुपचा ऑफसेट रिसेट करायच्या आधी

काफ्कावर (मेसेज साठवून पुढे पुरवणारी प्रणाली) कन्झ्युमर ग्रुपचा, म्हणजे मेसेज मिळून वाचणाऱ्या प्रोग्रामांच्या गटाचा, ऑफसेट (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) मागे नेऊन डेटा पुन्हा वाचायचं काम परत समोर आलंय. मागच्या वेळी रिसेट मारून झाला आणि मग कळलं की आधीचे ऑफसेट कुठेच काढून ठेवलेले नाहीत, म्हणून या वेळी तयारी आधीच लिहून काढतोय. यादीतलं बाकी काही राहिलं तरी निभावता येतं, पण आत्ताचे ऑफसेट फाइलमध्ये घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ग्रुपचं नाव, टॉपिक (मेसेजचा नाव दिलेला प्रवाह), क्लस्टर (काफ्काच्या सर्व्हरांचा संच), परवानग्या हे सगळे बघतातच. टर्मिनल स्टेजिंगचं (चाचणीचं) आहे की प्रॉडक्शनचं (खऱ्या वापरातलं) तेवढं एकदा डोळे उघडून वाचा.

त्याआधी एक प्रश्न: तुमचं अ‍ॅप्लिकेशन ग्रुपचे ऑफसेट वापरतं तरी का? फ्लिंक (डेटा प्रोसेस करणारं फ्रेमवर्क) चेकपॉइंटमधून, म्हणजे स्वतः जपून ठेवलेल्या स्थितीतून, उठतं तेव्हा त्यातलेच ऑफसेट घेतं, काफ्कात कमिट करतं (नोंदवतं) ते मुख्यतः बाहेरून लॅग (किती वाचायचं बाकी) दिसावा म्हणून. स्पार्क स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंगचंही तसंच, चेकपॉइंट डिरेक्टरीत सगळं. तिथे ग्रुप रिसेट करून काहीही होणार नाही आणि तुम्ही तासभर डोकं खाजवत बसाल. काफ्का स्ट्रीम्स या लायब्ररीला वेगळं रिसेट टूल आहे, कारण आतले टॉपिक आणि लोकल स्टेटही साफ करावं लागतं.

मग कन्झ्युमर बंद करा. सगळे. एकजण जरी चालू असला तरी रिसेटचं टूल सरळ नाही म्हणतं, ग्रुप एम्प्टी (रिकामा) दिसायला हवा. पॉड (ज्यात कन्झ्युमर चालतो तो कंटेनर) शून्यावर आणले आणि ऑटोस्केलरने (पॉडची संख्या आपोआप बदलणारा) परत उठवले असं होतं, त्यामुळे आधी ऑटोस्केलर थांबवा. किल मारून बंद केलात तर ब्रोकरला (काफ्काच्या सर्व्हरला) लगेच कळत नाही, सेशन टाइमआउट संपेपर्यंत थांबावं लागतं, काफ्का 3.0 पासून डीफॉल्ट 45 सेकंद, आधी 10 होते. स्टॅटिक मेंबरशिप (कन्झ्युमरला कायमची ओळख दिलेली) असेल तर नीट बंद करूनही तेवढं थांबावंच लागतं. एम्प्टी दिसत नाही म्हणून ग्रुपच डिलीट करायचा मोह होतो, तो आवरा, ऑफसेटही त्याच्यासोबत जातात.

आता फाइल. ग्रुप थांबल्यावरच घ्यायची, चालू असताना घेतलेले आकडे शिळे असतात (ऑटो कमिट डीफॉल्टने दर 5 सेकंदांनी होतं, बंद होताना शेवटचं एक कमिट होतं, ते यात यायला हवं). रिसेटचीच कमांड, टू-करंट आणि एक्स्पोर्ट हे पर्याय लावून, एक्झिक्यूट न लावता, आउटपुट सीएसव्हीमध्ये वळवायचं. झाली फाइल. उघडून बघा, रिकामी नाही ना, सगळी पार्टिशन्स (टॉपिकचे भाग) आहेत ना. यात एक खाच आहे: ज्या पार्टिशनवर कधी कमिटच झालेलं नाही तिथे टू-करंट चक्क शेवटचा ऑफसेट लिहून देतं, आणि तो खरा समजून परत लावलात तर मधले मेसेज गेले. म्हणून डिस्क्राइबचं (ग्रुपची स्थिती दाखवणारा पर्याय) आउटपुटही सोबत ठेवा, त्यात अशा ठिकाणी नुसती रेघ दिसते. आणि फाइल पॉडच्या आत ठेवू नका, पॉड गेला की फाइल गेली. कुणी म्हणेल की ऑफसेटच्या आतल्या टॉपिकमध्ये जुनी नोंद असतेच. असते, कॉम्पॅक्शन (जुन्या नोंदी गाळणं) होईपर्यंत, आणि ती रात्री दोनला बायनरी फॉरमॅटमधून उपसून काढायला तुम्हाला शुभेच्छा. फाइल घ्या.

कुठे न्यायचं ते वेळेवरून ठरवत असाल तर टाइमझोन लिहा, न लिहिल्यास यूटीसी धरला जातो. त्या वेळेनंतर पार्टिशनमध्ये एकही मेसेज नसेल तर ऑफसेट सुरुवातीला नाही, शेवटाला जातो. शिवाय टाइमस्टॅम्प बहुतेकदा प्रोड्यूसरने (मेसेज पाठवणाऱ्याने) लावलेला असतो, उशिरा आलेले मेसेज मागेपुढे असणार, थोडं आधीचं धरा. टॉपिकचं रिटेन्शनही (डेटा किती काळ ठेवला जातो ते) बघा, डीफॉल्ट 7 दिवस, त्याच्या मागचा डेटा मुळात नाहीच.

ऑटो ऑफसेट रिसेट नावाचं सेटिंग कशावर आहे? डीफॉल्ट लेटेस्ट. म्हणजे ऑफसेट सापडला नाही किंवा रेंजबाहेर गेला तर कन्झ्युमर गुपचूप शेवटाला उडी मारतो, एरर नाही, काही नाही, लॅग शून्य, सगळे खूश. या कामापुरतं ते नन (none) करा, निदान बोंब तरी मारेल. आणि ग्रुप आठवडाभर बंद ठेवू नका, रिकाम्या ग्रुपचे ऑफसेट डीफॉल्टने 7 दिवसांनी पुसले जातात, 2.0 च्या आधीच्या व्हर्जनमध्ये तर एकाच दिवसात.

पुढच्या सिस्टिमला तेच मेसेज दुसऱ्यांदा चालणार आहेत का हे त्या टीमला विचारा, अंदाज बांधू नका. डेटाबेसमध्ये अपसर्ट (नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी) असेल तर ठीक, पण मेल आणि पेमेंट दोनदा गेले तर ऑफसेट मागेपुढे करून ते परत येत नाहीत.

ड्राय रन (प्रत्यक्ष बदल न करता नुसतं काय होईल ते बघणं) करा, नवे ऑफसेट फाइलशी ताडून बघा. फाइल घेतली ना? मगच एक्झिक्यूट.

नंतरचं थोडक्यात. आधी एकच इन्स्टन्स चालू करा, लॉग बघा, लॅग उतरतोय का बघा, मग बाकीचे, मग ऑटोस्केलर. फसलं तर ग्रुप पुन्हा थांबवून फ्रॉम-फाइल पर्यायाने तीच फाइल परत लावायची, मात्र मधल्या वेळात प्रोसेस झालेलं परत होणार हे धरून चला. नन केलेलं सेटिंग जागेवर आणा.