पहिला हंगाम फसलेल्या रिसीव्हरची पारख कशी करावी

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये संघ दरवर्षी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात पहिल्या फेरीत निवडलेला रिसीव्हर, म्हणजे पुढे धावून पास झेलणारा खेळाडू, हंगाम संपेपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत, तीस-पस्तीस झेल, त्यांतून मिळवलेले चारेकशे यार्ड अंतर आणि दोन-तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवून मिळवलेले गुण) यांच्यापुढे गेला नाही, की संघाच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एकाच्या मते निवडच चुकलेली असते, तर दुसरा ‘पोरगा अजून लहान आहे’ एवढ्यावर वेळ मारून नेतो. दोघेही आकड्यांच्या त्याच एका ओळीकडे पाहत असतात आणि ते आकडे कमी का पडले, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेले नसते. म्हणून पारख करायची असेल तर सुरुवात झेलांपासून न करता संधीपासून करावी.

प्रथम तो खेळाडू किती रूट, म्हणजे पास घेण्यासाठी ठरवून दिलेले मार्ग, धावला आणि त्याच्या दिशेने किती पास आले, हे पाहावे. एकूण यार्डांना धावलेल्या रूटच्या संख्येने भागले की जो आकडा मिळतो, तो नुसत्या यार्डांपेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो; ढोबळमानाने दोनच्या आसपास असेल तर उत्तम आणि एकच्या खाली असेल तर काळजीचे, असे समजायला हरकत नाही. मिनेसोटा व्हायकिंग्जने २०१६ मध्ये तेविसाव्या क्रमांकावर घेतलेल्या लक्वॉन ट्रेडवेलने पहिल्या हंगामात एकच झेल घेतला, तोही १५ यार्डांचा. त्याला मैदानावर फारसे उतरवलेच गेले नाही. रोज सरावात पाहणारे प्रशिक्षकच ज्याला उतरवत नाहीत, त्याच्याबद्दलची शंका ही मैदानात उतरून चेंडू सोडणाऱ्याबद्दलच्या शंकेपेक्षा गंभीर मानावी, असे माझे मत आहे. ट्रेडवेल पुढेही फारसा उभा राहिला नाही.

दुखापतीचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत ठेवावा. शिकागो बेअर्सने २०१५ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला केव्हिन व्हाइट नडगीच्या दुखापतीमुळे पहिला हंगाम खेळलाच नाही, पुढच्या दोन हंगामांतही त्याची हाडे मोडली आणि बेअर्ससाठी त्याचे एकूण झेल २५ वरच थांबले. त्याच्या कुवतीबद्दल यातून फारसे काही कळत नाही, आणि स्वभावाबद्दल तर काहीच नाही.

आता चेंडू सुटण्याकडे वळू, कारण खरा गोंधळ इथेच होतो. लॉस एंजेलिस चार्जर्सचा क्वेंटिन जॉन्स्टन हे अभ्यासासाठी चांगले उदाहरण आहे. २०२३ मध्ये एकविसाव्या क्रमांकावर आलेल्या या उंच खेळाडूला हळूहळू रुळवण्याइतकी सवड मिळालीच नाही, कारण तिसऱ्याच आठवड्यात सहकारी रिसीव्हर माइक विल्यम्सच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि नवख्या मुलाकडे भार आला. १९ नोव्हेंबरला ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर, यजमान पॅकर्स २३-२० असे पुढे असताना आणि घड्याळात काही सेकंदच उरलेले असताना, चार्जर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, जस्टिन हर्बर्ट याने कडेच्या रेषेलगत लांब पास टाकला. जॉन्स्टन बचावपटूला मागे टाकून मोकळा झालेला होता, चेंडू बरोबर जागी आला आणि त्याच्या हातातून निसटला. सामना तिथेच गेला. वर्षअखेर त्याच्या नावावर ३८ झेल, ४३१ यार्ड आणि २ टचडाउन होते.

हा एकच पास नीट पाहिला तर त्यात परस्परविरुद्ध दोन गोष्टी सापडतात. तो मोकळा झाला, म्हणजे वेग आणि रूट यांत तो कमी पडला नाही. चेंडू हातांत राहिला नाही, म्हणजे हातांचे तंत्र कच्चे होते. यातली पहिली गोष्ट शिकवणे फार अवघड, तर दुसरी बऱ्याच अंशी सुधारता येते. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी इथे एक सवय सोडावी लागते. सीमारेषेवर उंच झेल छातीशी कवटाळणारा क्षेत्ररक्षक आपल्याला शहाणा वाटतो, पण रिसीव्हरने चेंडू छातीपर्यंत येऊ दिला की तेवढ्या वेळात बचावपटूचा हात मध्ये येतो, शिवाय चेंडू खांद्याच्या पॅडवर आदळून उडतो. चेंडू अंगापासून दूर, पसरलेल्या बोटांनी पकडावा लागतो, आणि त्यासाठी सराव संपल्यावर चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर तासन् तास उभे राहण्यावाचून दुसरा उपाय नाही.

म्हणून सुटलेल्या प्रत्येक चेंडूपुढे कारण लिहून ठेवावे: हात चुकीच्या जागी होते, झेल पूर्ण होण्याआधीच धावायला मान वळवली, धडकेच्या धास्तीने अंग चोरले, की पासच वाईट होता. मान वळवण्याची खोड लवकर जाते. अंग चोरण्याची सहसा जात नाही.

चेंडू ज्याच्याकडे आलाच नाही अशा डावांत रिसीव्हर काय करतो, हे दूरचित्रवाणीवर जवळजवळ दिसतच नाही, कारण कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. त्यासाठी बावीसही खेळाडू दिसणारे, उंचावरून घेतलेले चित्रण पाहावे. लीगच्या सशुल्क सेवेवर ते उपलब्ध असते. एखाद-दुसऱ्या सामन्यातले त्याचे सगळे रूट सलग पाहिले तरी पुष्कळ उमगते. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, अंगाला भिडून उभा असताना तो पहिल्या दोन पावलांत सुटतो का, वळताना वेग कुठे गमावतो, समोरचा बचाव बदलला तर त्याचा आणि क्वार्टरबॅकचा अंदाज जुळतो का, हे पाहावे. शेवटचा मुद्दा नवख्यांना सर्वांत जड जातो आणि दुसऱ्या वर्षी सर्वांत जास्त सुधारतोही तोच.

स्वभावाची पारख करताना तर फारच सावध असावे. यशस्वी झालेल्याचा हट्ट हा निर्धार ठरतो आणि अपयशी ठरलेल्याचा तोच हट्ट माज ठरतो, त्यामुळे मागाहून सांगितलेल्या स्वभावकथांना मी तरी फारशी किंमत देत नाही. मुलाखतीतली गोड वाक्येही बाजूला ठेवावीत. पाहायचे ते असे, की चेंडू सुटल्यानंतरच्या पुढच्याच डावात रूट तितक्याच जोरात धावला जातो का, आणि धावणाऱ्या सहकाऱ्यासाठी ब्लॉक करताना, म्हणजे बचावपटूला अडवताना, तो खांदा लावतो की नुसता हात लावून बाजूला होतो. ज्या कामाचा आकडा कुठेच छापला जात नाही, ते काम माणूस कसे करतो यावरून त्याची जात कळते.

फिलाडेल्फिया ईगल्सच्या नेल्सन ॲगोलोरचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. २०१५ मध्ये विसाव्या क्रमांकावर आलेल्या ॲगोलोरने पहिल्या वर्षी २३ झेलांत २८३ यार्ड केले. दुसरे वर्षही तसेच फसले. नोव्हेंबर २०१६ मध्ये सिॲटलविरुद्ध त्याच्या चुकीच्या जागी उभे राहण्यामुळे संघाचे एक टचडाउन रद्द झाले, त्यातच एक चेंडूही सुटला, आणि सामन्यानंतर त्याने दडपण आपल्या डोक्यात शिरले असल्याचे पत्रकारांसमोर उघड कबूल केले. पुढच्या सामन्यात त्याला बसवले गेले. तेव्हा कित्येकांना हा कच्च्या मनाचा पुरावा वाटला. पण दोष स्वतःच्या तोंडाने नेमका सांगणारा खेळाडू निदान कुठून सुरुवात करायची हे जाणून असतो. २०१७ मध्ये त्याला कडेवरून आत, स्लॉटमध्ये हलवले, तिथे त्याने ६२ झेल आणि ८ टचडाउन घेतले आणि फेब्रुवारी २०१८ मधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ९ झेलांत ८४ यार्ड करून विजेतेपदाला हातभार लावला. यात जागा बदलल्याचा वाटा किती आणि मन सावरल्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. म्हणूनच खेळाडूवर शिक्का मारण्याआधी त्याला योग्य जागी खेळवले होते का, हे विचारावे.

शिस्तभंग हा निराळा विषय आहे. डेट्रॉइट लायन्सचा जेमसन विल्यम्स पहिल्या वर्षी गुडघ्यामुळे जवळपास बाहेरच होता, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सट्ट्याच्या नियमभंगापायी आणि तिसऱ्या वर्षी प्रतिबंधित द्रव्यापायी निलंबित झाला, आणि त्याच तिसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, त्याने १,००१ यार्ड केले. निलंबनाचा धोका नोंदवून ठेवावा, मात्र त्यातून खेळाचा निष्कर्ष काढू नये.

त्याच ड्राफ्टमध्ये पाठोपाठ निवडल्या गेलेल्यांशी तुलना करण्याचा मोह टाळावा. ईगल्सने २०२० मध्ये जेलन रेगरला घेतले आणि लगेच पुढच्या क्रमांकावर गेलेल्या जस्टिन जेफरसनने पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड केले. ही तुलना निवड करणाऱ्यांना लागू पडते. रेगर पुढच्या वर्षी किती सुधारेल, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

थांबायचे किती, याला करारानेच एक मर्यादा घातलेली आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यापर्यंत ठरवावे लागते. पॅकर्सचा डवांटे ॲडम्स दुसऱ्या फेरीतला, त्यामुळे हा पर्याय त्याला लागू नव्हता, पण त्याचा आलेख लक्षात ठेवावा: २०१४ मध्ये ४४६ यार्ड, २०१५ मध्ये सहकारी रिसीव्हर जॉर्डी नेल्सन जायबंदी झाल्याने वाढलेला भार, स्वतःचा दुखावलेला घोटा आणि ४८३ यार्ड, मग २०१६ मध्ये ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन. दुसऱ्या वर्षाअखेर त्याच्यावर पाणी सोडणारे थोडे नव्हते.

सुधारणा झाली तरी ती सरळ रेषेत येत नाही, हेही धरून चालावे. जिम हार्बॉ चार्जर्सचे प्रशिक्षक म्हणून आल्यावर २०२४ मध्ये जॉन्स्टनने ५५ झेल, ७११ यार्ड आणि ८ टचडाउन नोंदवले. त्याच हंगामात बाल्टिमोरविरुद्ध त्याला एकही झेल घेता आला नाही आणि शेवटच्या सामन्यात लास व्हेगासमध्ये त्याने १३ झेलांत १८६ यार्ड केले. अशा वेळी तो मोठा खेळाडू होईल का, हा प्रश्न सोडून द्यावा आणि आक्रमणातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रिसीव्हरची जागा त्याच्यावर सोपवता येईल का, एवढेच तपासावे. संघाला मे महिन्यात पैसे मोजायचे असतात ते याच उत्तरासाठी.