खासगी हत्यार बाळगणाऱ्या पोलिसांनो, या चुका टाळा

आयुक्तालयाच्या परवाना शाखेत मी नऊ वर्षं काढली. सराफ, बागायतदार, बँकेचे गार्ड, बिल्डर, सगळ्यांच्या फाइली हातांखालून गेल्या. सर्वाधिक त्रुटी निघायच्या त्या आमच्याच खात्यातल्या लोकांच्या फाइलींत. एकदा एक फौजदार स्वतःचं .३२ रिव्हॉल्व्हर घेऊन नूतनीकरणाला आले. परवाना उघडला तर मुदत संपून चार महिने झालेले, पत्ता दोन बदल्यांपूर्वीचा आणि काडतुसांच्या पानावर शेवटची नोंद कधीच्या काळची. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, मी खात्यातलाच आहे की!"

सगळ्या चुकांचं मूळ या एका वाक्यात आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सरकारी नोकराला सूट आहे, पण ती कर्तव्य बजावताना बाळगलेल्या हत्यारापुरती. कोतमधून, म्हणजे खात्याच्या शस्त्रागारातून, सही करून घेतलेलं पिस्तूल त्या सुटीत बसतं. स्वतःच्या पैशानं घेतलेलं रिव्हॉल्व्हर बसत नाही. त्याच्यासाठी तुम्ही परवानाधारक नागरिक आहात, कमरेला पट्टा असो वा नसो. मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक घरात असणं म्हणजे विनापरवाना बंदूक असणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे, शिवाय दंड. त्या फौजदारांचं हत्यार त्याच दिवशी जमा करून घ्यावं लागलं. मला वाईट वाटलं, पण पर्याय नव्हता.

याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, आणि घोळ वाढला. पाच वर्षांत माणूस विसरतो. दोन महिने आधीची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा आणि अर्ज तेव्हाच करा.

बदली झाली की हत्यारही बदलीवर जातं

पोलिसाला ही चूक हमखास भोवते. नाशिकहून लातूरला बदली झाली, सामान ट्रकमध्ये भरलं, रिव्हॉल्व्हर बॅगेत आलं. बदलीचा आदेश खात्याला माहीत असतो, म्हणून परवाना शाखेलाही माहीत आहे असं माणूस गृहीत धरतो. तसं होत नाही. हत्यार सोबत घेऊन तीस दिवसांपेक्षा जास्त काळासाठी मुक्काम बदलला, तर नव्या ठिकाणच्या आणि जुन्या अशा दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना तीस दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं. जिथं पोलीस आयुक्त आहेत तिथं हे अधिकार आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणजे पुण्यातून साताऱ्याला गेलात तर कार्यालयाचा प्रकारच बदलतो. ग्रामीणमध्ये गेलेले कित्येक जण पोलीस अधीक्षक कार्यालयात पत्र देऊन मोकळे होतात, पण ते जायला हवं जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोच घ्या आणि ती परवान्यातच ठेवा. परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे ना, परवाना राज्यापुरता आहे की देशभर चालतो, हेही तेव्हाच पाहून घ्या.

काडतूस आणि मॅगझीन

अमेरिकेतल्या नियमांबद्दल वाचलेले तरुण अधिकारी मला विचारायचे, मॅगझीन (पिस्तुलात बसणारी काडतुसांची सुटी डबी) किती काडतुसांचं चालतं? कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन सामान्य माणसाला विकता येत नाही आणि पोलिसांना त्यातून सूट आहे, तो तिकडचा प्रश्न. आपल्या परवान्यावर मोजतात ती काडतुसं. एका वेळी जवळ किती आणि वर्षभरात किती, असे दोन आकडे तिथं लिहिलेले असतात. जादा मॅगझीन घेतलं म्हणून हे आकडे वाढत नाहीत. भरलेली दोन मॅगझीन, वर ड्रॉवरमधला जुना डबा, सगळं एकत्र मोजा. आणि कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात, तेव्हा सुटं मॅगझीन मित्राला देऊन टाकण्याची वस्तू नाही.

सरकारी ९ एमएम ही प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे या मापाच्या नळीचं हत्यार साध्या परवान्यावर मिळत नाही. तिचा खासगी परवाना केंद्रीय गृह मंत्रालयच देतं, म्हणून खात्यातल्या बहुतेकांकडे खासगीत .३२ असतं. बंदोबस्तावरून उशिरा घरी आलेला माणूस सरकारी मॅगझीन काढून कपाटात ठेवतो, आणि दोन ९ एमएम काडतुसं खासगी डब्यात जाऊन पडतात. कोतमध्ये जिवंत काडतूस आणि रिकामी पुंगळी दोन्हींचा हिशेब असतो. तिकडे दोन कमी भरतात आणि तुमच्या घरात दोन जास्त सापडतात, तेव्हा 'चुकून' हा शब्द चौकशीत फार कमी उपयोगी पडतो. कप्पेच वेगळे ठेवा.

.३२ म्हटलं की सगळी काडतुसं एकच, हाही मोठा गैरसमज. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला रुंद कडा असलेलं. .३२ पिस्तुलाचं आखूड, मॅगझीनमध्ये बसणारं. खडकीच्या कारखान्याची 'केएफ' ही अक्षरं बुडावर दिसली म्हणून ते आपल्याच हत्याराचं असं नव्हे. दुकानात डबा घेताना दोन्ही शेजारी उभी करून एकदा डोळ्यांनी बघा, पुन्हा चूक होणार नाही.

पिस्तूल काडतूस अडकवायला लागलं की लोक आधी पिस्तुलाला दोष देतात. निम्म्या वेळा दोष मॅगझीनचा असतो. ते पडून त्याचे वरचे ओठ वाकलेले असतात, किंवा आत तेल आणि धूळ यांचा चिखल झालेला असतो. मॅगझीनवर रंगानं १, २ असे आकडे टाका. अडकणं एकाच आकड्याशी होतंय का ते पाहा. होत असेल तर ते आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दाखवा, पक्कड घेऊन घरी ओठ सरळ करू नका.

आणि 'साफ करताना गोळी सुटली' याचा क्रम बहुतेकदा एकच असतो. माणूस आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढतो, चेंबरमधलं (नळीच्या मागच्या कप्प्यातलं) काडतूस बाहेर पडतं, मग मॅगझीन काढतो. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये गेलेलं असतं. मॅगझीन हातात आहे म्हणून पिस्तूल रिकामं आहे असं त्याला वाटतं. आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग चेंबरमध्ये नजर आणि करंगळी. ट्रेनिंगला शिकवलेलंच आहे हे. वीस वर्षांच्या नोकरीनंतर हात आपोआप चालतो आणि तिथंच घात होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच तेलाची बाटली उघडा.

ऑर्डर्लीच्या हातून हत्यार पाठवणं

"जा रे, दुकानात दुरुस्तीला देऊन ये." परवानाधारक सोबत नसेल, तर दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी हत्यार नेणाऱ्याकडे परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र लागतं. कलम ३ मध्येच ते आहे. चिठ्ठी नसेल तर वाटेतल्या नाकाबंदीत अडकेल तो बिचारा शिपाई. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून ही काळजी साहेबानंच घ्यायला हवी.

वडिलांची बारा बोअर घरात असेल तर तीही मोजा. एका माणसाकडे आता दोनच बंदुका चालतात, वारशानं आलेली धरून. लग्नाच्या वरातीतल्या हवेतल्या गोळीबाराबद्दल पोलिसाला वेगळं सांगायची वेळ येऊ नये, तरी सांगतो: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेवटची गोष्ट घरच्यांची. एक बाई एकदा शाखेत आल्या होत्या. यजमान हवालदार होते, जाऊन सव्वा वर्ष झालेलं. कपाट आवरताना टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर सापडलं. त्यांना वाटत होतं ते सरकारी आहे, कुणीतरी येऊन घेऊन जाईल. पिशवीत घालून त्या एसटीनं ते घेऊन आल्या होत्या, भरलेलं. मी चक्री उघडली तेव्हा सहाही काडतुसं आत होती. अशा वेळी हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं, वारसाचा अर्ज त्यानंतर. पण त्यांना हे कोण सांगणार होतं? परवान्याची झेरॉक्स, हत्याराचा क्रमांक आणि दुकानदाराचा फोन एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि हत्यार त्यांनी हलवायचं नाही, ठाण्यात फोन करून माणूस बोलवायचा, एवढं घरी आजच सांगा.