साइट अडली? कॅश उडवण्याआधी दोष शोधा

पान उघडत नाही, फॉर्म सबमिटवर लटकतो, की बहुतेक जण आधी सगळी कॅश (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती) आणि कुकीज (लॉगिनसारख्या साइटच्या नोंदी) उडवतात. हे लगेच करू नका. बहुतेक साइट्सवरून लॉगआउट व्हाल आणि दोष कुठे होता तेही कळणार नाही.

आधी दुसरी एखादी साइट उघडून पाहा. तीही अडत असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. तिथे सगळे चालले तर राउटर किंवा ब्रॉडबँडकडे बघा. अडचण एकाच साइटची असेल आणि ती मोबाइल डेटावर फोनमध्येही उघडत नसेल, तर बहुधा सर्व्हरच थकलेला असतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी असे होते. सारखे रिफ्रेश करून त्याच्यावरचा भार वाढतोच, तेव्हा थोडे थांबा. संगणकातले एखादे ॲप अडले असेल तर तीच सेवा ब्राउझरमधून वापरून पाहा. तिथे चालली तर ॲप पूर्ण बंद करून अपडेट करा.

फोनवर साइट चालते पण संगणकावर नाही? मग क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून खासगी विंडो उघडा. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप) चालत नाहीत. साइट तिथे नीट चालली, तर दोष बहुधा या दोहोंपैकी एकात आहे. नेहमीच्या विंडोत सगळी एक्स्टेन्शन बंद करा. फरक पडला तर निम्मी चालू करा, दोष ज्या निम्म्यात दिसेल ती पुन्हा निम्मी करा. १६ एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. सुरुवात जाहिराती अडवणाऱ्यांपासून करा. पेमेंटची खिडकी तीच अनेकदा रोखतात. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड एक्स्टेन्शन एकदम बंद करतो.

एक्स्टेन्शन निर्दोष निघाली, तर ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज आणि डेटा पुसा. अर्धवट भरलेला मसुदा तिथेच साठवलेला असू शकतो. तो आधी कॉपी करून ठेवा.

सगळा ब्राउझरच रेंगाळत असेल तर विंडोजवर क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या शीर्षकावर क्लिक केले की खादाड टॅब वर येतो. तो निवडून एंड प्रोसेस करा. पानावर काळी ठिगळे दिसत असतील तर सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्रांचे काम ग्राफिक्स चिपवर टाकणारी सोय) बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर ते परत चालू करा, नाहीतर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येईल.

साइटच्या सर्टिफिकेटच्या (ती खरी असल्याच्या दाखल्याच्या) तारखेची चूक दिसली तर आधी संगणकाचे घड्याळ तपासा. मदरबोर्डवरचा सेल संपला की जुन्या यंत्रांची तारीख मागे जाते.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि मग पान रिफ्रेश करा; एफ१२ची खिडकी आधी उघडी नसेल तर नोंदी होत नाहीत. हळू ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा. ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ लांबला असेल तर बहुधा उशीर सर्व्हरकडून आहे. ‘कंटेंट डाउनलोड’ लांबला असेल तर फाइल मोठी आहे किंवा लाइन मंद. लाल ओळीत ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ दिसले तर एक्स्टेन्शनने अडवले आहे. स्टेटसच्या रकान्यात ४२९ हा आकडा म्हणजे तुमच्याकडून फार विनंत्या गेल्या. ५०२ किंवा ५०४ म्हणजे बिघाड त्यांच्या बाजूला.

साइटवाल्यांना कळवताना पानाचा पत्ता, नेमकी वेळ, आकडा आणि त्या ओळीचा स्क्रीनशॉट द्या. त्यांनी एचएआर फाइल (नेटवर्क टॅबमधल्या सगळ्या नोंदींची फाइल) मागितली तर ती फक्त त्यांनाच पाठवा. तिच्यात तुमच्या लॉगिनचे टोकन (पासवर्डशिवाय आत शिरू देणारी खूण) असू शकते, म्हणून पाठवल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत या.