स्पोर्ट्स कार विकायचीय, तर आधी सर्व्हिसिंग करून घ्यावं का?

गाडी विकायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच पडतो, सर्व्हिसिंग ड्यू आहे, ते करून विकू का आहे तशी विकू. साध्या फॅमिली गाडीला उत्तर सोपं असतं, ऑइल फिल्टर बदला, धुवा, विका. स्पोर्ट्स कारचं तसं होत नाही, कारण एकेका कामाचं बिल एवढं येतं की भावात मिळणारी वाढ त्यातच जाते, आणि तेच काम न करता गाडी विकायला काढली तर जाणकार गिऱ्हाईक फोनवरच विचारतं की बेल्ट कधी बदललाय, क्लच किती उरलाय, आणि उत्तर गुळमुळीत वाटलं की परत फोन करत नाही.

माझं मत आधीच सांगतो. सर्व्हिसिंगवर घातलेला पैसा भावात क्वचितच पूर्ण परत येतो, पण त्याने शंका जाते, आणि विकणाऱ्याचं खरं नुकसान शंकेमुळेच होतं. म्हणून जिथे शंका मोठी आणि काम छोटं, ते काम करून टाकायचं. जिथे काम प्रचंड मोठं आहे तिथे आधी तपासणी करून घ्यायची, ती कागदावर आणायची, आणि मग बघायचं.

सुरुवात गॅरेजपासून करू नका, घरातल्या फाईलपासून करा. सर्व्हिस बुक, सगळी बिलं, टायरची बिलं, मागच्या मालकाने दिलेले कागद, सगळं काढून तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक बिलावर किलोमीटर किती लिहिलेत ते बघा. बऱ्याचदा तेव्हाच कळतं की ब्रेक ऑइल मागच्या वर्षीच बदललंय, किंवा उलटं, की आपण ज्याला मोठी सर्व्हिस समजत होतो त्यात प्लग बदललेलेच नाहीत. नुसत्या स्टॅम्पपेक्षा पार्ट नंबर असलेलं बिल कितीतरी जड असतं. एखादं बिल हरवलं असेल तर ज्या गॅरेजने काम केलं त्यांच्याकडून कॉपी मागा, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड असेल तर मिळून जाते, आणि हे काम जवळपास फुकटात होतं.

मग त्या मॉडेलची खरी माहिती असलेल्या मेकॅनिककडे गाडी न्या आणि त्याला स्पष्ट सांगा की अजून काही दुरुस्त करायचं नाहीये, फक्त तपासायचंय, गिऱ्हाइकाच्या बाजूने तपासल्यासारखं. लिफ्टवर घेऊन गळती, बुश, ब्रेक डिस्क, स्कॅनरवर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले एरर), आणि इंजिन त्या प्रकारचं असेल तर कॉम्प्रेशन किंवा लीक-डाऊन टेस्ट, म्हणजे इंजिनच्या आत दाब नीट तयार होतो आणि टिकतो का ते बघणं. त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या, काय सापडलं आणि प्रत्येक कामाचं कोटेशन. पुढचा सगळा निर्णय या दोन कागदांवरच होतो.

आता कामं वेगळी करूया.

काही कामं अशी असतात की त्यावर विचारच करायचा नाही. इंजिन ऑइल आणि फिल्टर तारखेने ड्यू असेल तर बदला, गाडी कमी चालली असली तरी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, बहुतेक कंपन्या २ वर्षांनी बदला म्हणतात, काम स्वस्त आहे, करून टाका. बॅटरी मरायला आलेली असेल तर नवी घाला, कारण व्होल्टेज पडलं की आजकालच्या गाड्या भलतेसलते एरर दाखवतात आणि टेस्ट ड्राइव्हला आलेल्या माणसाला ते बॅटरीमुळे आहेत हे कितीही समजावलं तरी त्याच्या डोक्यात इलेक्ट्रिकचा प्रॉब्लेम बसतो तो बसतोच. डॅशबोर्डवरचा प्रत्येक दिवा मिटवायचा, पण कारण दुरुस्त करून. नुसते कोड पुसून गाडी दाखवायला ठेवली तर जाणकार माणूस स्कॅनर लावून लगेच ओळखतो, कारण कोड पुसले की गाडीच्या सेल्फ टेस्ट पण रीसेट होतात आणि ठरावीक पद्धतीने गाडी चालेपर्यंत त्या अपूर्ण दिसतात. एकदा ते दिसलं की तुम्ही बाकी जे खरं सांगाल त्यावर पण विश्वास राहत नाही.

टायर हा जरा वेगळा विषय. साईडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा. स्पोर्ट्स कार कमी चालतात म्हणून नक्षी भरपूर दिसते पण रबर म्हातारं होऊन कडक झालेलं असतं, आणि घेणारा हे आकडे वाचतोच. मात्र विकायच्या आधी मिळतील ते स्वस्त टायर चढवू नका, हे मला मनापासून सांगायचंय. ताकदवान गाडीच्या मागच्या चाकांना कुठलाही अनोळखी टायर दिसला की घेणारा विचार करतो, टायरमध्ये पैसे वाचवले तर इंजिनमध्ये किती वाचवले असतील. पोर्शेचे एन मार्क असलेले किंवा बीएमडब्ल्यूचे स्टार मार्क असलेले टायर असतात, त्या गाडीसाठी मंजूर केलेले. घालायचे तर तसेच घाला, नाहीतर टायर संपलेत असं सांगून भाव कमी करा, म्हणजे तो त्याच्या आवडीचे घेईल.

आता मोठी कामं, खरी डोकेदुखी इथेच आहे, आणि इथे प्रत्येक गाडीचं उत्तर वेगळं.

फेरारी एफ३५५ घ्या. हिच्या टायमिंग बेल्टसाठी इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं. त्याच्या पुढच्या ३६० मोडेनामध्ये सीटच्या मागून बेल्टपर्यंत पोचता येतं, इंजिन जागेवरच राहतं. आणि २००४ ला आलेल्या एफ४३० मध्ये बेल्टच नाही, चेन आहे. तिन्ही मिड इंजिन, तिन्ही व्ही८, पण विकण्याआधीचा हिशोब पूर्ण वेगळा. एफ३५५ चा बेल्ट ड्यू असेल तर घेणारा तो धरूनच भाव लावतो, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून इंजिन जातं हे त्याला माहीत असतं, म्हणून तो नुसता बेल्टचा खर्च कापत नाही, भीतीचे पण कापतो. अशा वेळी काम करून घेतलेलं बरं, असं मी तरी म्हणेन, पण एकाच अटीवर, ज्या गॅरेजचं नाव घेतल्यावर गिऱ्हाईक मान डोलावेल अशाच ठिकाणी. स्वस्तात कुठेतरी करून आणलंत तर तुमचे पैसेही जातात आणि त्याची शंकाही तशीच राहते.

पोर्शे ९११ ची ९९६ आणि सुरुवातीची ९९७ (हे ९११ च्या पिढ्यांचे नंबर), तशीच त्या काळातली बॉक्स्टर आणि केमन, यांचं आयएमएस बेअरिंगचं, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचं प्रकरण असंच आहे, ते तुटलं तर इंजिन जाऊ शकतं. साधारण १९९७ ते २००८ च्या मॉडेल्समध्ये हा प्रश्न विचारला जातो. जीटी३ आणि टर्बोची इंजिनं वेगळी म्हणून त्यांना नाही, आणि २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे क्लच समोरच येतो. त्यामुळे तुमचा क्लच संपतच आला असेल तर दोन्ही एकत्र करून विकणं पटतं, मजुरी एकदाच लागते आणि जाहिरातीत दोन मोठी वाक्यं मिळतात. क्लच ठणठणीत असेल तर फक्त बेअरिंगसाठी सगळं उघडू नका, ऑइल फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते बघा, फोटो काढा, फाईलला लावा. आणि शेवटच्या वर्षांच्या गाड्यांत मोठं बेअरिंग आहे, ते इंजिन पूर्ण न खोलता निघतच नाही, तिथे आधी बदलून विकू का हा प्रश्नच मिटला.

बीएमडब्ल्यूच्या ई९२ पिढीच्या एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजण्याची चर्चा असते, तिथे ऑइल अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे वापरलेलं ऑइल लॅबमध्ये तपासल्याचा रिपोर्ट चांगला कामाला येतो, आणि एकापेक्षा जास्त वेळचे रिपोर्ट असतील तर फारच छान. माझ्दा आरएक्स-८ विकताना बाकी काही करू नका, आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, ती पण रोटरी इंजिनच्याच टेस्टरने (या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात), कारण प्रत्येक रोटरचे तीन आकडे यावे लागतात, साध्या गेजने ते नीट कळत नाहीत. आकडे चांगले आले तर तो एक कागद कुठल्याही फुल सर्व्हिसपेक्षा भारी आहे. आकडे वाईट आले तर नवीन प्लग कॉइल घालून काय उपयोग, घेणारा इंजिन रिबिल्डचाच हिशोब करणार.

म्हणजे मोठ्या कामाला तीन वाटा आहेत. करून घ्या, किंवा तपासणीचा रिपोर्ट आणि कोटेशन जोडून तेवढा भाव कमी ठेवा, किंवा मधली वाट, की गिऱ्हाइकाशी भाव ठरवा आणि काम त्याच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये तुमच्या खर्चाने करून मग गाडी द्या. मला ही तिसरी वाट फार आवडते. जाणकार घेणाऱ्याला काम कोण करतंय हे स्वतः ठरवायचं असतं, आणि तुमचे पैसे गिऱ्हाईक पक्कं झाल्यावरच जातात. फक्त अ‍ॅडव्हान्स घ्या आणि उघडल्यावर अजून काही निघालं तर कोण भरणार ते आधी लिहून ठेवा.

हिशोब असा करा. समजा कामाचं कोटेशन १०० आहे. काम न करता विकली तर घेणारा किती कापेल? रिपोर्ट नसेल तर तो अंदाजाने १५० पण कापेल, कारण अजून काय निघेल हे त्याला माहीत नाही. रिपोर्ट आणि कोटेशन हातात दिलं तर तो १०० च्या आसपास येतो. म्हणजे वरचे ५० तुम्ही फक्त कागदाने वाचवले, पाना न फिरवता. काम केलंत तर १०० जाणार, वर उघडलंच आहे तर हे पण करून टाकू म्हणत अजून पंचवीसतीस जाणार, आणि गाडी गॅरेजमध्ये अडकलेला वेळ वेगळा. म्हणून काम न करता गाडी बघायलाच कोणी येत नसेल तर करा, येत असतील आणि फक्त घासाघीस होत असेल तर रिपोर्ट दाखवून भाव करा.

कोणाला विकताय त्यावर पण अवलंबून आहे. डीलरला देणार असाल तर जवळपास काहीच करू नका. त्याला तेच काम तुमच्यापेक्षा स्वस्तात पडतं, तुमच्या ताज्या बिलाचे तो पूर्ण पैसे धरत नाही. थेट शौकीन माणसाला विकणार असाल तर फाईल हेच तुमचं भांडवल.

काम करून घेतलंत तर लगेच दुसऱ्या दिवशी जाहिरात टाकू नका. शेदोनशे किलोमीटर चालवा, मग परत लिफ्टवर घेऊन बघा, कुठला होज ढिला राहिला, गॅस्केटमधून ऑइल झिरपतंय का ते तेव्हाच कळतं. मोठ्या कामानंतर असं काही निघणं अगदी नॉर्मल आहे, ते तुमच्याकडे निघालेलं चांगलं. इंजिन बे साफ करा पण चकचकीत पॉलिश फवारून ठेवू नका, गळती लपवायला केलंय असं वाटतं. बदललेले जुने पार्ट गॅरेजकडून मागून खोक्यात ठेवा. आफ्टरमार्केट एक्झॉस्ट वगैरे असेल आणि ओरिजिनल जपून ठेवला असेल तर तो पण गाडीसोबत द्या, त्याने फरक पडतो.

जाहिरातीत फुल सर्व्हिस्ड असं मोघम लिहू नका. काय बदललं, कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर, आणि काय केलेलं नाही तेही लिहा, पुढचं कुठलं काम कधी ड्यू आहे त्याच्यासकट. आणि गिऱ्हाईक बघायला येणार असेल त्या दिवशी गाडी आधी चालू करून गरम करून ठेवू नका, कोल्ड स्टार्ट त्याच्या समोरच होऊ द्या.